चालणं, शंभर पॉइंट

मी एकदा चालणं फुकट करून टाकलं होतं.

म्हणजे अगदी रीतसर. कॉम्प्युटरवर टाइप करून, त्याचं लॅमिनेशन करून, भिंतीवर चिकटवून. खाली सही तेवढी केली नाही, पण तो विनय नव्हता, जागा उरली नव्हती. आज माझ्या दोन्ही गुडघ्यांची जी अवस्था आहे ती पाहता पलंगापासून मोरीपर्यंत जायला मला तीस पॉइंट लागतात आणि परत यायला चाळीस. पण तेव्हा मी तरुण होते. अठ्ठावन्न वर्षांची. नुकतीच निवृत्त झाले होते, हातातला खडू सुटला होता पण अंगातली गणिताची बाई सुटली नव्हती. जिथे हिशेब चुकलेला दिसेल तिथे तो दुरुस्त करायचा, उरलेलं आयुष्य त्यासाठीच आहे, असा माझा समज होता. अशा बाईला गावात मोकळं सोडू नये. अर्जुनी मोरगावात मला कोणी ओळखत नव्हतं, म्हणून सोडली.

मी जन्मभर गोंदियात शिकवलं. निवृत्तीनंतर अर्जुनी मोरगावला मुलीकडे राहायला आले. मुलगी दिवसभर ऑफिसात, मी दिवसभर तिच्या स्वयंपाकघरात. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "आई, ते कंडक्टर काका आहेत ना, त्यांच्या ओसरीवर रविवारी दुपारी कसला तरी खेळ असतो. जा तिकडे. माझ्या डाळीत मीठ किती घालायचं ते मला येतं."

त्या कंडक्टरांबद्दल हे लिहायचं आहे. बरीच वर्षं लिहायचं टाळलं, कारण त्यांच्याबद्दल लिहायचं तर मध्ये मी येते.

एस.टी.त तीसेक वर्षं काढलेला हा माणूस. उंच, काटकुळा, आणि उभा राहिला की पाय किंचित फाकलेले, जणू ओसरीसुद्धा वळणावर कधी कलंडेल याचा भरवसा नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण ओसरीवर चारच्या जागी पाच माणसं आली की तोंडातून आपोआप निघायचं, "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा हाय." मागं भिंत होती. ओसरीच्या खांबाला त्यांनी दोरी बांधली होती आणि दोरीच्या टोकाला बैलाच्या गळ्यातली जुनी घंटा. खेळ सुरू करायचा तर दोनदा ओढायची. थांबायचं तर एकदा. चहा उकळला तरी एकदाच, कारण चहा म्हणजे थांबा.

चहा तेच करत. मला ते पहिल्या रविवारीच खटकलं. घरात बायको होती, तिचा आवाज आतल्या खोलीच्या खिडकीतून यायचा, चांगला खणखणीत. "अजी, साखर वरच्या डब्यात हाय." "अजी, त्या नव्या बाईले बिनसाखरेचा पाह्यजे का विचारा." आणि हा साठी उलटलेला माणूस स्वयंपाकघरातून कपबशा घेऊन यायचा. मी मनात म्हटलं, वा रे राणी! आतून हुकूम सोडते, बाहेर यायला पाय दुखतात का?

हे असं म्हटलं होतं मी. शब्दशः. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

खेळाची गोष्ट अशी. गोंदियाहून येणाऱ्या गाडीत एक पोरगा एक जाड इंग्रजी पुस्तक सीटवर विसरला. बिरसीच्या विमानशाळेत शिकणारा असावा, असं कंडक्टरांचं म्हणणं, कारण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एक माणूस उडत होता. त्यांनी ते डेपोत जमा केलं. कोणी न्यायला आलं नाही, शेवटी ते त्यांच्याकडेच आलं. इंग्रजी त्यांना बोर्डावरच्या गावांपुरतं येई. पण चित्रं पाहून, शब्दकोश घेऊन, ह्याला त्याला विचारून त्यांनी त्यातला खेळ निम्मा समजून घेतला आणि निम्मा आपल्या मनाने केला. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने आपला एक सुपरहिरो तयार करायचा. त्यासाठी प्रत्येकाला शंभर पॉइंट. भिंतीवर दरपत्रक: कुठल्या शक्तीला किती पॉइंट. त्यातून परवडतील तेवढ्या शक्ती घ्यायच्या. मग कंडक्टर संकट सांगणार आणि ज्याने त्याने आपला हिरो काय करतो ते तोंडाने सांगायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवणार.

पॉइंट खर्च झाले की कंडक्टर खिशातून आपला जुना तिकिटाचा पंच काढत आणि कार्डावर तितकी भोकं पाडत. टिक, टिक, टिक. मशिनची तिकिटं आल्यावर डेपोने पंच परत मागितला नाही म्हणे. ह्यांनी दोनदा नेऊन दिला, दोनदा साहेबाने परत पाठवलं, तेव्हा कुठे तो वापरायला घेतला.

आम्ही चौघं खेळाडू. एक निवृत्त लाइनमन. त्याचा हिरो हातातून वीज फेकायचा, पण फेकण्याआधी वरून परमिट आलं का म्हणून विचारायचा, त्यामुळे निम्मी संकटं तेवढ्यात निघून जात. दुसरी बसस्टँडजवळची झेरॉक्सवाली, पंचविशीची, तिचा हिरो म्हणजे तीच, एकाच्या दहा होणारी. तिसरी आतल्या खोलीतली बायको, जी खिडकीतून खेळायची. आणि चौथी मी.

आता ते दरपत्रक. हाताने लिहिलेलं, वळणदार अक्षरात, वर ठळक शीर्षक: "सुधारित दर. आजपासून लागू." खाली शक्ती, किंमत आणि दरबदलाचं कारण. मी चष्मा लावून उभी राहिले आणि माझ्या अंगावर काटा आला.

उडणे: आठ.

"आठ?" मी म्हटलं. "अहो, उडणं! सगळ्यात मोठी शक्ती! तिला आठ?"

"बाई, बिरसीले उडाची शाळा हाय," ते म्हणाले. "फी भरली का मानूस उडते. त्याचं काय इतकं?"

भिंतीआरपार पाहणे: चार. का? तर सगळ्या गावाला येतंच. दूरवरची हाक ऐकू येणे: साठ. का? तर, "ज्याले आयकू येते त्याले जावं लागते बाई." आणि दिसेनासे होणे, ह्यापुढे लिहिलं होतं: "पन्नाशीवरच्या बाईले फुकट." मला राग आला. मी तिथेच विचारलं हे काय म्हणून. ते शांतपणे म्हणाले, "तीस वर्सं गाडीत तिकिटं फाडली. त्या वयाची बाई उभी असली का कोनाले दिसत नाई. सीटवरचा पोरगा खिडकीच्या भायेर पाहते."

तो दर मात्र बरोबर होता, हे मला आता सत्तरीत कळतं. तेव्हा मी अपमान झाल्यासारखी बसले.

आणि सगळ्यात खाली, वेगळ्या शाईने: चालणे: शंभर. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, पण तो आकडा पाहिल्यावर मी पुढे वाचलंच नाही.

मी हसलेच. "कंडक्टर, एक शून्य जास्त पडलं का? की दोन?"

त्यांनी तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाई. बरोबर हाय."

"चालायला शंभर, उडायला आठ?"

"चालाची शाळा हाय का कुठं?" ते म्हणाले आणि घंटा दोनदा ओढली.

मी त्या दिवशी काय केलं असेल? गणिताच्या बाईने करायचं तेच. चुकीच्या दरांचा पुरेपूर फायदा घेतला. वहीत आकडेमोड करून शंभर पॉइंटांत अकरा शक्ती बसवल्या, उडणं, अदृश्य होणं, भिंतीआरपार बघणं, सगळं. माझ्या हिरॉइनचं नाव "समीकरणी". पुढचे तीन रविवार कुठलंही संकट आलं की मी अर्ध्या मिनिटात सोडवायची. धरणाचा दरवाजा अडकला? उडाले, उचलला. बोलणारं रानडुक्कर धानात शिरलं? दिसेनाशी झाले, कान धरला. लाइनमन परमिटची वाट बघत राहायचा. तिसऱ्या रविवारी कंडक्टर माझ्या कार्डावरची भोकं उन्हात धरून पाहत म्हणाले, "बाई, तुमच्यापासी समदं हाय. कराले काईच नाई."

मी ते कौतुक समजले.

आणि आमची ही घाई चालू असताना खिडकीतल्या बायकोची हिरॉइन काय करायची? चालायची. तिचं नाव धुरेवाली; इकडे धानाच्या शेताला बांधी म्हणतात आणि दोन बांध्यांमधल्या बांधाला धुरा. संकटाशी तिचा संबंध नसायचाच. आमचं संकट मिटलं की कंडक्टर खुर्ची खिडकीकडे वळवत, आवाज खाली आणत आणि विचारत, "हं. कुठं हायेस?"

"खाराच्या बांधीपासी."

"धुरा अरुंद हाय. डाव्या अंगानं पानी फुटलं हाय. रोवना झाला हाय, धानाचे परे बोटभर."

"म्या चप्पल हातात घेतली."

"धुरा ओला हाय. सांभाळून. टाक फासा."

आत फासा खडखडायचा. "एक," आतून आवाज. एक म्हणजे पाय घसरला. मग पुन्हा. "दोन." मग एक पाऊल. मग खेकड्याचं बीळ. मग बगळा. मग कोणाच्या तरी बांधीत कोणीतरी गाणं म्हणतंय ते ऐकायला थांबणं. एका रविवारी तासभर खेळून धुरेवाली एक धुरा ओलांडायची आणि झेरॉक्सवाली, लाइनमन, दोघंही तोंडातून अवाक्षर न काढता बसायचे. मी जांभया द्यायची. शिवाय मला संशयही होता: आतून फासा टाकते, कोण बघतं? लबाडी करत असली तर? लबाडी करणारी बाई स्वतःहून "एक, एक, दोन" कशाला सांगेल, हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. संभाव्यता हा धडा मी वीस वर्षं शिकवला होता.

दर रविवारी निघताना आतून हाक यायची, "बाई, अंदर या ना."

मी म्हणायची, "पुन्हा कधीतरी." मनात म्हणायची, भेटायचं तर तिने यावं बाहेर. मी पाहुणी.

चौथ्या रविवारी कंडक्टर चहा करायला गेले असताना कार्डांच्या डब्यात मला धुरेवालीचं कार्ड दिसलं. शंभर भोकं. चारी कडांना आणि मग आत, ओळीवर ओळ. चाळणी झाली होती. शंभरच्या शंभर पॉइंट एकाच गोष्टीवर: चालणे. मला त्या बाईची दया आली. अडाणी बिचारी. नवऱ्याच्या चुकीच्या तक्त्यात फसली. आणि मी ठरवलं की तिला न्याय मिळवून द्यायचा. ज्यांच्यावर अन्याय झाला आहे त्यांना विचारावं तरी, हे काही मला सुचलं नाही.

आठवडाभर मी नवीन दरपत्रक तयार केलं. उडणं पंचेचाळीस. अदृश्य होणं तीस, वयाची अट रद्द. सगळं एकमेकांच्या प्रमाणात, तीनदा ताळा करून. आणि शेवटी: "चालणे: शून्य. सर्वांना मुळातच येते. पूर्वी खर्च केलेले पॉइंट परत."

झेरॉक्सवालीने टाइप करता करता बोटं थांबवली. "मॅडम, चालन्याचं झिरो करून राहिल्या? काकाले विचारलं का?"

"ती लिहिण्यातली चूक आहे गं."

"चूक नाई मॅडम. थे काकूचं..."

"गणितात काकू-मामी नसते," मी म्हणाले. "तू टाइप कर."

तिने टाइप केलं, लॅमिनेशन केलं, आणि मला आठवतं, ते माझ्या हातात देताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. गावात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कोणी कोणाला सांगत बसत नाही, आणि सांगायला गेलं तर मी अशी.

शनिवारी सकाळी कंडक्टर बाजारात गेलेले पाहून मी त्यांच्या ओसरीवर गेले. स्टुलावर चढले. जुन्या तक्त्यावर माझा तक्ता ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. आतून आवाज आला, "कोन हाय जी?"

"मी आहे. गणिताच्या बाई. कागद लावायला आले."

"लावा ना. अंदर या, बाई."

"नको, घाईत आहे."

त्या बाईच्या परवानगीने मी तिचं चालणं काढून घेतलं आणि स्टूल जागेवर ठेवून निघून आले. घरी येऊन मुलीला म्हणाले, आज एक चांगलं काम केलं.

आता कंडक्टरांच्या स्वभावातली एक गोष्ट सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. लावलेला दर हा लावलेला दर, हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. लग्न करून बायकोला घरी आणलं ते एस.टी.तून, ड्यूटीवर त्यांचा दोस्त होता. दोस्त म्हणाला, नवरा-नवरीला तिकीट कशाला? ह्यांनी त्याच्या हातातला पंच घेतला आणि स्वतः तिकिटं फाडली. बायको ही गोष्ट खिडकीतून सांगायची. "मुंडावळ्या बांधल्या होत्या जी, आन् हा मानूस मले तिकीट देऊन म्हनते, सांभाळ, चेकिंग येऊ शकते." सगळे हसायचे आणि कंडक्टर गंभीरपणे म्हणायचे, "आलं होतं ना चेकिंग. साकोलीले."

रविवारी मी मुद्दाम थोडी उशिरा गेले, सगळे जमलेले असावेत म्हणून. कंडक्टर तक्त्यासमोर उभे होते. नवा दर लागला की तो पूर्ण मोठ्याने वाचायचा, ही पद्धत. त्यांनी पहिल्यापासून वाचायला घेतलं. उडणे, पंचेचाळीस. दिसेनासे होणे, तीस. शेवटच्या ओळीवर आले आणि थांबले. सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला. मग त्याच आवाजात वाचलं, "चालणे. शून्य. सर्वांना मुळातच येते. पूर्वी खर्च केलेले पॉइंट परत."

लाइनमन आपल्या चपलेकडे बघत होता.

"कोनी लावलं?"

"मी," मी म्हणाले. खुशीत. "तुमचं फार विस्कळीत होतं हो."

"छापील हाय," ते म्हणाले, स्वतःशीच. मग खिडकीकडे वळून, "अवं, तुले शंभर वापस भेटले. काय घेतं?"

आत फासा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "काय हाय त्यात?"

"उडनं घेऊन घे. पंचेचाळीस."

"बरं."

त्यांनी कोरं कार्ड काढलं आणि पंचेचाळीस भोकं पाडली. तेवढा वेळ फक्त पंचाचा आवाज. मग खुर्ची खिडकीकडे वळवली. "हं. कुठं हायेस?"

"मोहाच्या झाडाखाली. मांगच्या आयतवारी पोचली होती."

"कुठं जातं?"

"तलावाच्या पाळीवर. माह्या बाबाच्या गावच्या."

"उडाली," कंडक्टर म्हणाले. "पोचली."

"झालं?"

"झालं."

मी घड्याळ पाहिलं. पाऊण मिनिट. मी म्हणाले, बघा, किती सुटसुटीत! कंडक्टरांनी घंटा एकदा ओढली आणि चहा करायला गेले. मला वाटलं, ही बाई तरी आभार मानेल. इतक्या वेळा आत बोलावत होती, आज जाऊ. मी कौतुक ऐकायला आत गेले.

लोखंडी खाट होती, खिडकीला लावलेली. गादीखाली फळी. छातीपर्यंत चादर आणि चादरीखाली दोन पाय, असे की त्यांच्याकडे पाहिल्यावर काही विचारायची गरज पडू नये. उशाशी फासा आणि एक ताटली, फासा घरंगळू नये म्हणून. उजवा हात तेवढा चालत होता. तोंड भरून हसली ती. "आल्या शेवटी. बसा. मी उठत नाई, राग नोका मानू."

मी बसले. काहीतरी बोलायचं म्हणून, आणि अजूनही आपण चुकलो नाही असं कुठेतरी वाटावं म्हणून, मी म्हणाले, "पोचलात ना पण. तलावावर."

"पोचली ना," ती म्हणाली. "पन वरून काई दिसत नाई बाई. मोहापासून पाळीपरंत तीन धुरे हायेत. माह्या मायनं मले त्यावरून हात धरून नेलं होतं लहानपनी. दोन वर्सं झाली मले घरून निघून, एक-एक पाऊल. आज पह्यल्या धुऱ्यावर पाय ठेवाचा होता." मग माझं तोंड पाहून तिलाच वाईट वाटलं असावं. "जाऊ द्या. दर लागला तं लागला. ह्यांचं तसंच हाय."

मी बाहेर आले आणि सरळ भिंतीशी गेले. नखाने चिकटपट्टी ओढली. माझा तक्ता निघाला, आणि त्याबरोबर त्याच्या खालचा हाताने लिहिलेलाही. तेव्हा मला कळलं की कंडक्टर जुना दर कधी काढत नसत. भाताच्या खळीने नवा कागद त्याच्यावरच चिकटवत. खाली आणखी एक कागद होता, त्याखाली आणखी एक. उडणं सगळीकडे आठ. बदलत होती ती एकच ओळ.

चालणे: शंभर. कारण: खाटेवर.

चालणे: साठ. कारण: वॉकर आणला, दारापर्यंत जाते.

चालणे: पंचवीस. कारण: काठी.

चालणे: पाच. कारण: डावा पाय ओढते, सांगत नाही.

सगळ्यात खालच्या कागदावर चालणं नव्हतंच. त्या वर्षी ती चालत होती.

कंडक्टर चहाचा ट्रे घेऊन मागे उभे होते. मी त्यांना काय म्हणाले ते मला धड आठवत नाही. माफ करा म्हणाले असेन. मला माहीत नव्हतं, हे नक्की म्हणाले, कारण तेच वाक्य मी आयुष्यभर पोरांकडून ऐकून घेतलं नव्हतं. "बाई, तो धडा मला माहीत नव्हता." "माहीत करून घ्यायचा होतास," मी म्हणायची, आणि बाकावर उभं करायची.

"मी हा फाडते," मी म्हणाले. "जुनाच राहू द्या."

"तसं नाई होत, बाई." राग नव्हता आवाजात. राग असता तर सोपं गेलं असतं. "लागलेला दर असा फाडता येत नाई. सुधारित लावा लागते. आन् सुधारितले कारन लागते. तुमी लावला, तं कारन बी तुमीच लिवा."

त्यांनी ट्रे खाली ठेवला, पाठकोरा कागद काढला आणि पेन माझ्या हातात दिलं. मी ओसरीवर मांडी घालून बसले. वर लिहिलं: "सुधारित दर. आजपासून लागू." उडणं आठ लिहिलं. दिसेनासं होणं, पन्नाशीवरच्या बाईला फुकट, लिहिलं. चालणं शंभर लिहिलं. आणि "कारण" ह्या शब्दापुढे पेन अडलं. लाइनमन, झेरॉक्सवाली, दोघंही बघत होते. जन्मभर मी दुसऱ्यांच्या वहीत लाल शाईने शेरे लिहिले होते. स्वतःविषयी एक ओळ लिहायला मला किती वेळ लागला म्हणून सांगू! चहावर साय धरली.

शेवटी लिहिलं. कंडक्टरांनी कागद घेतला, खळ लावली, भिंतीवर बसवला, तळहाताने चारी कोपरे दाबले. मग पद्धतीप्रमाणे मोठ्याने वाचायला लागले. मी मान खाली घालून ऐकत होते. शेवटची ओळ आली. "चालणे. शंभर. कारण: चार आठवडे बोलावूनही मास्तरीण आत गेली नाही."

आतून कोणीतरी खुदकन हसलं.

कंडक्टरांनी उडण्याचं कार्ड बाजूला ठेवलं आणि चाळणीसारखं जुनं कार्ड परत डब्यात घातलं. "मांगच्या टप्प्यावरून," ते म्हणाले. "मोहाचं झाड." आणि घंटा दोनदा ओढली.

ते घर आता बंद असतं. दोघांना त्यांच्या मुलीने आपल्याकडे नेलं, त्यालाही बरीच वर्षं झाली. खळीचे कागद भिंतीवर तसेच असतील, उंदरांनी सोडले असले तर. कंडक्टरांचं बाकी सगळं मी विनोद करून नातवंडांना सांगते, पुढे सरका, चेकिंग, बिरसीची शाळा. हे एवढं सांगत नाही. कारण त्या दुपारी, घंटा वाजल्यावर, मी आपली ओसरीवरच बसून होते, खांबाला टेकून, जितकं लहान होता येईल तितकं होऊन. तेव्हा खिडकीतून तिचा तो खणखणीत आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा:

"बाई, आता बी भायेरच बसता का? चप्पल हातात घ्या आन् अंदर या. धुरा ओला हाय, मले एकटीले भेव लागते."